नाळेचं मडकं

दवाखान्याच्या ओसरीवर एक लांब बाक होतं. त्या बाकावर तुळशी बसली होती आणि बसल्या बसल्या पेंगत होती. पोशेऱ्याहून जव्हारपर्यंत डोंगर चढत-उतरत आलेल्या बाईला पेंग यावी यात नवल नाही, पण ही पेंग त्या वाटेची नव्हती. नाशिकच्या मिशनच्या इस्पितळात तीन वर्षं भांडी घासून, चादरी उकळून, रोग्यांच्या शिव्या खाऊन आणि मोठ्या वयात अक्षराला अक्षर जुळवत परीक्षा देऊन जी साठली होती, ती ही पेंग. सर्टिफिकेट हातात पडलं की पुढचं आपोआप होतं, अशी तिची समजूत होती. शिकलेल्या माणसांची ही समजूत फार जुनी आहे, आणि ती फुटायला एखादी ओसरी आणि एखादं बाक पुरतं.

काळ संस्थानाचा. जव्हारला राजा होता, दरबार होता, कारभारी होते आणि दरबारच्या खर्चाने चालणारा हा दवाखाना होता. त्यात बायकांसाठी एक खोली नव्याने बांधली होती, आणि तिथे एक नर्स नेमायची असं घाटत होतं. त्या जागेसाठी तुळशीने अर्ज दिला होता.

डॉक्टर टिपणीसांनी आत बोलावलं तेव्हा ते सर्टिफिकेटच वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा. तुम्ही नाशिकला होतात म्हणायचं." मग त्यांनी वर पाहिलं. अंगावर मिशनचं पांढरं पातळ होतं खरं, पण कपाळावर आणि हनुवटीवर डोंगरातलं हिरवं गोंदण होतं, आणि टाचा वाटेच्या तांबड्या मातीने भरल्या होत्या. "कुठली तू?" त्यांनी विचारलं. तुम्हीचं तू व्हायला तेवढाच वेळ लागला. तुळशीला राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं.

"पोशेऱ्याची, साहेब."

"बरं. शिक्षण चांगलं आहे तुझं. पण खरं सांगू का? ती खोली बांधल्यापासून तिथे एकही बाळंतपण झालेलं नाही. गावातल्या बायका घरी सुईण बोलावतात, आणि डोंगरातली बाई तर इकडे फिरकत नाही. रिकाम्या खाटांना नर्स कशाला, असं कारभारी विचारतात. मी काय उत्तर देऊ?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून हिवतापाच्या रोग्यांना कोयनेल पाजून तोही टेकीला आला होता. "एक बाळंतपण इथे करून दाखव. एकच. मग तुझी शिफारस मी लिहितो."

तुळशी "हो" म्हणून बाहेर आली आणि परत त्याच बाकावर बसली. उठून जायचं कुठे, हा प्रश्नच होता.

नाशिकला तिला काम तयार होतं. मिशनच्या सिस्टरबाई राहा म्हणत होत्या. पण तुळशीला नोकरी हवी होती ती जव्हारातच, आणि त्याचं कारण पोशेऱ्याला होतं. नवरा जंगलतोडीच्या कामावर तापाने गेला तेव्हा पोरगी सकू अजून अंगावर पीत होती. घरात खाणारी तोंडं होती आणि कमावते हात नव्हते. ओळखीच्या एका बाईमागून तुळशी घाट चढून नाशिकला गेली, आयाचं काम करता करता शिकत गेली, आणि सकू राहिली सासूजवळ. सासूचं नाव हौशी. निघताना हौशीने एकच गोष्ट सांगितली होती. "पोर घाटावर न्यायची नाय. जव्हारात सोताचं छप्पर कर, मंग ने." बोलली त्यात काही वावगं नव्हतं. घाटापलीकडे गेलेली माणसं परत येत नाहीत हे हौशीने आयुष्यभर पाहिलं होतं.

आता तुळशी परत आली तर सकू तिला ओळखत नव्हती. पोरगी आजीच्या लुगड्याआडून बघायची. तिने हात पुढे केला की आत सरकायची. जव्हारची जागा मिळाली तर ही पोर आपली, नाही मिळाली तर घाटावर परत, आणि पोर कायमची आजीची. एवढाच हिशेब होता, आणि तो तुळशीच्या डोक्यातून क्षणभर हलत नव्हता.

राहायला तिला शहरबानोने आपल्या ओसरीचा कोपरा दिला. शहरबानो म्हणजे कासम कल्हईवाल्याची बायको. कासम भांड्यांना कल्हई लावायला मोखाड्याकडे फिरायचा, पोशेऱ्यात हौशीच्या अंगणात त्याची भट्टी लागायची, ती ओळख. शहरबानोला जिभेवर ताबा नव्हता, पण मन साफ होतं. तुळशी संध्याकाळी धुळीने भरून परत आली की ती दारातूनच विचारायची, "काय नर्सबाई, आज किती बाळं पकडली?" आणि उत्तर यायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे करायची.

बाळं कुठली पकडणार! तुळशी पाड्यापाड्यावर हिंडत होती. थंडी सरली होती, पळस फुलला होता, शेतं मोकळी पडली होती आणि माणसं घरी सापडत होती. प्रत्येक दारात तिला बसायला घोंगडी मिळायची, नागलीची भाकरी मिळायची, उडदाचं पाणीदार कालवण मिळायचं. आपल्यातली पोर शिकून आली याचं कौतुक व्हायचं. ती दवाखान्याचं नाव काढायची आणि कौतुक तिथेच थांबायचं. लोखंडी खाट, उकळलेली कात्री, ताप उतरवायचं औषध, सगळं सगळं ती सांगायची. बायका माना डोलवायच्या. मग त्यातली एखादी म्हातारी हळूच विचारायची, "आन् नाळ कठं पुरतात तठं?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा तुळशीला नाशिकच्या बादल्या आठवल्या. नाशिकला तिने कितीतरी बाळंतपणं केली होती. नाळ कापायची, वार पूर्ण पडली का ते पाहायचं, आणि मग दोन्ही बादलीत. बादली पुढे कुठे जाते हे तिने कधी विचारलंही नव्हतं. आणि तिच्या स्वतःच्या गावात वार आणि नाळ नव्या मडक्यात घालून, घरामागच्या न्हाणीच्या दगडाखाली पुरतात. बाळंतिणीची पहिली आंघोळ त्याच दगडावर होते. ते पाणी खाली झिरपलं की नाळ लागली, पोर त्या घराचं झालं. सकूची नाळ तशीच पुरली होती, आणि त्या दगडावर तुळशी स्वतः बसली होती. तीन वर्षांत ती हे साफ विसरली होती, आणि याची तिला मनापासून लाज वाटली.

बरं, नुसती नाळ दुसरीकडे पडली एवढ्यावर भागत नव्हतं. दवाखाना दरबारचा, जागा दरबारची. नाळ तिथे पुरली तर पोर कुणाचं झालं? दरबारचं. आणि दरबारचं माणूस म्हणजे काय, हे डोंगरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. साहेब आला की ओझी वाहा, शिकार आली की रान उठवा, लाकडं तोडा, पेंढा पोचवा. याला वेठ म्हणत. बाप वेठीला जातो तो बोलावल्यावर जातो. हे पोर तर जन्मतःच लिहून दिल्यासारखं होईल, अशी भीती. हसायचं असेल त्याने हसावं. ज्यांच्या घरी वेठीचा सांगावा कधी आला नाही त्यांना हसायला सोपं जातं.

दाभोशाजवळच्या एका पाड्यावर मात्र एक घर तिचं ऐकायला तयार झालं. घर माघ्याचं. त्याची बायको रामी हिची दोन मुलं जन्मतानाच गेली होती. आता तिसऱ्या वेळी दिवस भरत आले होते आणि तिच्या पायांवर सूज होती. तुळशीने सूज दाबून पाहिली, पोटावर हात ठेवून बाळ कसं आहे ते पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. बाळ आडवं नव्हतं, पण बाईच्या अंगात रक्त म्हणून नव्हतं. ही घरी बाळंत झाली तर कठीण आहे, हे तिने लपवलं नाही.

माघ्या कुडाच्या भिंतीला टेकून ऐकत होता. मग म्हणाला, "नेतो. पन नाळ मी घरी आननार. तठं ठेवायची नाय."

"तुझ्या हातात देईन," तुळशी म्हणाली.

"सबूद?"

"शब्द."

देऊन बसली शब्द. डॉक्टरांना विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण डॉक्टर नाही म्हणाले तर? तेव्हा विचारलंच नाही. आपणच खोलीत असणार, आपणच मडक्यात घालू आणि आपणच बाहेर देऊ, कुणाला कळायचं कारणच काय, असं तिने स्वतःला समजावलं. दमलेलं माणूस असंच करतं. जिथे थोडं भांडावं लागेल ती वाट सोडून आडवाटेने जातं.

रामीला कळा सुरू झाल्या आणि चौघांनी तिला बांबूला बांधलेल्या झोळीतून वर जव्हारला आणलं. माघ्याच्या हातात नवं मडकं होतं, तोंडावर पळसाचं पान बांधलेलं. तो ओसरीच्या पायरीवर बसला. डॉक्टर टिपणीस स्वतः धावपळ करत होते, बायकांच्या खोलीत प्रथमच माणूस आलं होतं. दुपार कलेपर्यंत रामी झुंजली. मुलगा झाला. निळसर होता, तुळशीने तोंड पुसलं, पाय धरून पाठीवर चापट्या दिल्या, आणि तो रडला. डॉक्टरांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि "शाब्बास" म्हणाले.

पण वार पडल्यावर रामीचं रक्त थांबेना. तुळशीने दोन्ही हातांनी तिचं ओटीपोट दाबून धरलं. हात भरून आले, खांदे भरून आले, डॉक्टरांनी औषध दिलं, तरी ती सोडेना. शेवटी हाताखाली पोट कठीण लागलं आणि रक्ताची धार आटली. रामीने डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, "तू हात धू. मी आत जाऊन तुझी शिफारस लिहितो." तेव्हा तुळशीने मागे वळून पाहिलं, आणि नाळ-वार ठेवलेलं खाटेखालचं भांडं तिथे नव्हतं.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या काळ्याने ते उचललं होतं. नियमच होता तसा. असलं काही खोलीत ठेवायचं नाही, कुंपणाजवळ खड्डा करून वर चुना टाकून पुरायचं. काळ्याने कामात कसूर केली नव्हती, उलट चांगलंच खोल पुरलं होतं.

मागच्या दारात तुळशी उभी राहिली. तिथून पायरीवरचा माघ्या दिसत होता. मडकं मांडीवर घेऊन तो दाराकडे बघत होता. मडक्यात ओली माती भरावी, पान घट्ट बांधावं आणि द्यावं. तो उघडून बघणार नाही, आपल्यात कुणी उघडत नाही. आत डॉक्टर शिफारस लिहीत होते. काम झालं होतं. सकू मिळाली होती. एक खोटं फक्त बोलायचं होतं, तेही तोंडाने नव्हे.

तिला रडू आलं. दुःखाने नाही, कंटाळ्याने. आपण इतकं चाललो, इतकं ओझं ओढलं, आणि आता हे एक आणखी, असं वाटून रडू आलं. काळ्याला तिने विचारलं, "कुठं पुरलंस?" त्याने बोट दाखवलं. तिने त्याची कुदळ घेतली, पांढरं पातळ खोचलं आणि खणायला लागली.

कुदळीचा आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. क्षणभर त्यांना काही समजेना. समजलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. "काय चाललंय हे? परीक्षा दिलेली नर्स तू, आणि घाण उकरतेस? तीन वर्षं हेच शिकलीस?"

"मी शब्द दिला होता, साहेब. तुम्हाला न विचारता दिला, ती माझी चूक."

"आणि ती शिफारस मी कशाच्या जोरावर लिहू?"

तुळशी वाकून खणत राहिली. डॉक्टर "कार्बोलिकने कोपरापर्यंत हात धू, त्याशिवाय बाळंतिणीला हात लावू नकोस," एवढं म्हणाले आणि आत गेले. जागा गेली, हे तुळशीला कळलं. तिने खड्ड्यातून काढलं ते तांब्याने पाणी ओतून धुतलं आणि माघ्यासमोर नेऊन ठेवलं.

माघ्या वाकून पाहत राहिला. कडेला चुन्याचा पांढरा कण राहिला होता. "पुरली व्हती?"

"हो. माझ्या पाठीमागे पुरली. मी उकरून काढली." हेही तिने लपवलं नाही. आता लपवायला उरलंच काय होतं.

तो उकिडवा बसला. "आंघूळ नाय ना झाली रामीची?" त्याने विचारलं. "तिच्यावर पानी नाय ना पडलं?"

"आंघोळ कुठली! अजून उठूनसुद्धा बसली नाही ती."

"मंग नाय लागली," माघ्या म्हणाला. त्याने सगळं मडक्यात घेतलं, पान बांधलं, आणि उन्हं उतरायच्या आत घर गाठायचं म्हणून झपाझप उताराला लागला.

त्यानंतर डॉक्टर टिपणीस तुळशीशी कामापुरतं बोलत. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. रामी अजून खाटेवर होती म्हणून तुळशी येत राहिली. रामी बाळ घेऊन घरी गेली आणि खोली परत रिकामी झाली. तुळशीने चादरी धुतल्या, खाटा पुसल्या आणि शहरबानोकडे येऊन बोचकं बांधायला घेतलं. शहरबानो त्या दिवशी काही टोचून बोलली नाही. नुसती शेजारी बसून तांदूळ निवडत राहिली. तेच तुळशीला जास्त लागलं.

बोचक्याची गाठ मारायच्या आधीच दवाखान्यातून काळ्या बोलवायला आला. ओसरीवर तीच जागा, तेच बाक, आणि बाकावर माघ्याच्याच पाड्यावरची एक अवघडलेली बाई बसली होती. शेजारी तिची सासू. सासूच्या मांडीवर नवं मडकं होतं, पळसाचं पान बांधलेलं. डॉक्टर दारात उभे राहून मडक्याकडे पाहत होते.

"हे काय आहे ते मला माहीत आहे," ते तुळशीला म्हणाले. "ते खाटेपासून लांब ठेवायचं, वर झाकण ठेवायचं आणि त्याच दिवशी घेऊन जायचं. काळ्याला सांगून ठेव." मग म्हणाले, "कागद कारभाऱ्यांकडे गेलाय. पावसाळा संपेपर्यंत हंगामी. पुढचं पुढे बघू."

हंगामी तर हंगामी. बाईचं झालं, दुसरी आली, तिसरी आली. मदतीला कुणी नव्हतं. तुळशीचे पाय दिवस मावळेपर्यंत सुजायचे आणि आनंद करायला सवड म्हणून मिळाली नाही. दवाखान्यामागे तिला राहायला एक खोली मिळाली. खोलीमागे मातीची न्हाणी होती, तिच्यावर एक चपटा दगड होता. पहिली सुटी मिळाली तशी ती पोशेऱ्याला गेली.

हौशीला सगळं आधीच कळलं होतं. कासम कल्हईवाला तिकडे जाऊन आला होता, आणि शहरबानोचा नवरा म्हटल्यावर त्याने काही गाळून सांगितलं असेल असं वाटत नाही. तुळशी भांडायच्या तयारीने आली होती. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. हौशीने तिला पेज दिली, ती पिऊन होईपर्यंत समोर बसली, मग कोयता घेऊन घरामागे गेली. न्हाणीचा दगड तिने एका बाजूने उचलला, खालची ओली काळी माती ओंजळभर खणली आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली.

"ही घे," ती म्हणाली. "तठं दगडाखाली घाल. मंग पोरीला वर बसव आन् न्हाऊ घाल. नाळ लागंल."

"आय, तूही चल," तुळशी म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

"माझी नाळ कठं पुरली ते ठावं असनारी समदी मेली. मी आता कठं जाऊ?" म्हातारीने सकूच्या केसांतून हात फिरवला. "रातची पाय दुमडून झोपते ती. पांघरून नीट घाल." आणि ती दगड परत जागेवर बसवायला लागली. तुळशीने मदतीला हात लावला तर तिने तो बाजूला केला.

सकू वाटेने अंतर ठेवून चालली. हात धरला तर सोडवून घेत होती, पण मागे मात्र वळली नाही. दमली तेव्हा तुळशीने तिला पाठीवर घेतलं, आणि पोरगी पाठीवरच झोपली. जव्हार आलं तेव्हा उन्हं कलली होती. तुळशीच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, तरी तिने चूल पेटवून पाणी तापवलं, दगड सरकवून फडक्यातली माती खाली घातली आणि सकूला वर बसवलं. पोरीला आपण शेवटचं न्हाऊ घातल्याचं तिला आठवत होतं, तेव्हा ती दोन हातांत मावत होती.

सकूने दगडाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच आईच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. "आजीच्या घरची नाळ आठं आली," ती म्हणाली. "मंग आता मी कुनाची?"

तुळशीने तांब्या भरून घेतला होता. दरबारची खोली, हंगामी नोकरी, पोशेऱ्याला एकटी बसलेली म्हातारी, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"डोळे मीट," ती म्हणाली. "पाणी जाईल."

सकूने डोळे मिटले. तुळशीने तिच्या डोक्यावरून पाणी ओतलं, आणि ते खाली झिरपेपर्यंत थांबली.